काल्पनिक शहराचा भूतकाळ कसा रचावा: स्थापना, भरभराट आणि दडवलेलं पाप

कादंबरी असो की चार मित्रांत बसून, एकेक पात्र वठवत खेळायचा रोल-प्लेइंग खेळ, काल्पनिक शहराचा इतिहास लिहिताना घोटाळा बहुधा एकाच जागी होतो. स्थापनेसाठी एक दंतकथा सुचते, भरभराटीसाठी बाजाराचं आणि बुरुजांचं वर्णन जमतं आणि काळ्या भूतकाळासाठी एखादा शाप किंवा तळघरातला राक्षस उचलून आणला जातो. तिन्ही तुकडे सुटे वाचले तर चांगले असतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. मग रहस्य उघड झालं तरी शहरात काहीच हलत नाही.

यावरचा उपाय असा: ज्या वस्तूमुळे शहर वसलं, तिनेच ते श्रीमंत व्हावं आणि तीच वस्तू हातची जाऊ नये म्हणून तिथे पाप घडावं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका सूत्रावर उभ्या आहेत. उदाहरण म्हणून खारंब नावाचं एक शहर सुरुवातीपासून शेवटपर्यंत रचत नेऊ.

पहिली पायरी: इथेच का?

एका वाक्यात उत्तर लिहा: दोन दिवसांच्या चालीत जे दुसरीकडे कुठेच मिळत नाही, असं इथे काय आहे? खनिज, नदी चालत ओलांडता येईल असा उतार, खिंड, गोड्या पाण्याचा झरा, तीर्थ, किंवा नावेतला माल उतरवून गाडीत भरावा लागतो अशी जागा. शेवटचं कारण नवखे लेखक क्वचितच वापरतात, पण ते फार उपयोगी आहे. माल उतरला की हमाल, वखार, मुक्काम, जकात आणि भांडणं आपोआप जमतात.

‘राजाने ठरवलं म्हणून’ हे कारण एकटं पुरत नाही. अकबराने 1571 मध्ये फतेहपूर सिक्री उभारायला घेतली आणि 1585 मध्ये दरबार लाहोरकडे हलवला. राजा गेला आणि राजधानीचं वैभवही गेलं. उलट आजच्या बोलिव्हियातलं पोटोसी पाहा. सुमारे चार हजार मीटर उंचीवर, जिथे धड पीकही येत नाही, तिथे 1545 मध्ये चांदी सापडली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दीड लाखाच्या आसपास वस्ती झाली. जागा राहण्याजोगी नसली तरी चालते, तिथे येण्याचं कारण मात्र पक्कं हवं.

कारण ठरलं की ते कशाने संपेल, हेही लगेच लिहून ठेवा. बेल्जियममधल्या ब्रुजला 1134 च्या वादळाने समुद्राकडे जाणारी वाट मिळाली, तिच्यावर ते शहर मोठं झालं आणि ती वाट गाळाने भरत गेली तसा व्यापार अँटवर्पला गेला. उगम आणि शेवट एकाच पाण्यात आहेत. तुमच्या शहराचा दुबळा दुवा पहिल्याच दिवशी माहीत असेल, तर पुढचं संकट कुठून आणायचं हा प्रश्न उरत नाही.

खारंबचं वाक्य असं: डोंगरातल्या एका खिंडीत निळसर खारं पाणी देणारा झरा आहे आणि त्या पाण्याच्या मिठात पुरलेला मृतदेह पुन्हा उठत नाही.

दुसरी पायरी: अद्भुताला वजन आणि मुदत द्या

जादू इथे येते, म्हणून तिचे नियम इथेच ठरवायचे. किती लागते, किती दिवस टिकते, कमी पडली तर काय होतं, हे तीन आकडे नसतील तर पुढे अर्थकारणही उभं राहत नाही आणि पापही.

खारंबपुरते नियम: एका मृतदेहाला साडेबारा किलो मीठ. इतकं घातलं तर देह कायमचा शांत. पाव हिश्शाने घातलं तर सुमारे तीन महिने शांत, मग तो उठतो. साध्या समुद्री मिठाचा काही उपयोग नाही, पण वरून पाहता निळ्यात मिसळलेलं साधं मीठ ओळखू येत नाही.

तीन महिन्यांची ही मुदत सहज घातलेली नाही. विक्री आणि अनर्थ यांच्यात अंतर असेल तरच खोटं बोलायला जागा मिळते. देह त्याच रात्री उठला असता, तर दोष कुणाचा हे सकाळी साऱ्या गावाला कळलं असतं.

आता मागणी काढा. खारंबच्या आवाक्यात चार लाख लोक राहतात असं धरू. आधुनिक वैद्यकाच्या आधीच्या समाजात वर्षाला हजारी 30 मृत्यू धरणं रास्त आहे. म्हणजे 12,000 मृत्यू, म्हणजे 150 टन मीठ. बैलगाडीत अर्धा टन माल धरला तर वर्षाला 300 गाड्या. शहराची सगळी कमाई या 300 गाड्यांत आहे.

तिसरी पायरी: पोटाचा हिशेब

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळली जाते. गाळू नका, कथेचा निम्मा माल इथेच सापडतो.

खारंबची वस्ती 3,000 धरा. माणशी वर्षाला 220 किलो धान्य धरलं तर 660 टन लागतात. जुन्या पद्धतीच्या शेतीत एका दाण्याचे चार व्हायचे. हेक्टरी साडेसहाशे ते सातशे किलो पीक, त्यातला पाव हिस्सा पुढच्या पेरणीला, म्हणजे हाती सुमारे 500. तिसरा हिस्सा जमीन पडीक ठेवावी लागते, म्हणून सरासरी हेक्टरी 330 किलो. चौरस किलोमीटरला 33 टन. शेतकरी त्यातले चार पंचमांश स्वतः खातो, म्हणून शहराला लागणारे 660 टन मिळवायला शंभर चौरस किलोमीटर शेतजमीन हवी. निम्मी जमीन जंगल, खडक आणि कुरणांची धरली तर शहराभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ झालं.

नकाशावर शहर काढताना हे वर्तुळ काढून पाहा. सपाट मुलखात ते सहज बसतं. खिंडीत बसत नाही. म्हणजे खारंबचं धान्य खालून येतं: 660 टन, अर्ध्या टनाच्या 1,320 खेपा. वर जाणाऱ्या 1,320 आणि मीठ घेऊन उतरणाऱ्या फक्त 300. बाकी गाड्या रिकाम्या परततात, म्हणून गाडीवान भाडं जबर लावणार. मीठ शिजवणाऱ्यांपेक्षा गाडीवानांवर शहराचं पोट जास्त अवलंबून आहे, आणि दुष्काळी वर्षांत नगरसभेवर त्यांचं कर्ज चढणार. आपण कुणालाही खलनायक ठरवलं नव्हतं, तरी केवळ भागाकारातून दोन गट समोरासमोर आले.

आणखी एक भागाकार करा. 12,000 अंत्यविधींच्या कमाईवर 3,000 माणसं जगतात, म्हणजे चार मृतदेहांच्या मिठावर शहरातला एक माणूस वर्ष काढतो. तेव्हा घरात एक मयत झालं की त्या घराला एका माणसाचा तीन महिन्यांचा खर्च मिठावर घालावा लागतो. गरीब घरं कर्ज काढतील, अर्धं मीठ घालून नशिबावर सोडतील, चोरीचं मीठ घेतील. खालच्या गावांत खारंबविषयी कृतज्ञता आणि चीड एकत्र नांदत असणार.

पाण्याचं थोडक्यात: माणशी रोज 20 लिटर धरा, 3,000 लोकांना 60,000 लिटर. झरा खारा असल्यामुळे गोडं पाणी वेगळं आणावं लागेल. त्याचा पाट कुठून येतो आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे, एवढं ठरवलं की पुरे.

चौथी पायरी: भरभराट दगडात दाखवा

‘शहर खूप श्रीमंत होतं’ हे वाक्य वाचकाच्या मनात काहीच उभं करत नाही. पैसा कुणाच्या हातून कुणाच्या हाती जातो ते लिहा. खारंबमध्ये लाकूडतोडे, कढया ओतणारे लोहार, खारं पाणी आटवणारे, पोती शिवणाऱ्या बायका, मीठ तोलणारे, शिक्का मारणारे, गाडीवान आणि अंत्यविधी करणारे पुरोहित आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला काय येतं, कोण हप्त्याने घेतो आणि कोण रोजीने, हे एका कागदावर मांडा.

दळणवळण सुधारलं की नफा कुणाकडे सरकतो तेही पाहा. जर्मनीतलं ल्यूनेबर्ग मीठ काढायचं आणि ल्युबेक ते समुद्रापार विकायचं. 1398 मध्ये दोघांना जोडणारा कालवा सुरू झाला. माल काढणारं शहर आणि माल विकणारं शहर अशी जोडी तुमच्या कथेतही असू द्या. दोघांनाही एकमेकांची गरज असते आणि दोघांनाही आपण लुटले जातोय असं वाटतं.

बाजाराची अंतरंही चालण्यावरून ठरवा. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायदेग्रंथात दोन बाजारांमधलं अंतर पावणेसात मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटर, असावं असं धरलेलं आहे. तर्क साधा: दिवसाची चाल वीस मैल, तिसरा हिस्सा जायला, तिसरा विकायला, तिसरा परतायला. भरल्या बैलगाडीने दिवसाला 15 ते 20 किलोमीटर धरा आणि घाटात त्याहून कमी.

आता तटबंदी. तटाआडच्या दाट वस्तीत हेक्टरी 150 माणसं धरली तर 3,000 लोकांना 20 हेक्टर लागतात. गोल शहर असेल तर तटाची लांबी सुमारे 1,600 मीटर. दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या एका सरकारी यादीत पाच मीटर तटाला चार माणसं असा हिशेब आहे. त्या मापाने खारंबला साधारण 1,270 माणसं हवीत, आणि शहरात शस्त्र धरू शकणारे पुरुष जेमतेम आठशे-नऊशे. उरलेले कोण? गाडीवान आणि खालच्या गावांतले लोक. ज्यांना पुढे फसवायचं आहे, त्यांच्याच भरवशावर तट उभा आहे.

वस्तीची मांडणी वाऱ्यावरून करा. कढयांचा धूर जिकडे जातो तिकडे मजूर राहतात, उलट बाजूला सभासदांचे वाडे. भरभराटीच्या काळात बांधलेल्या इमारतींवर वर्ष कोरलेलं असू द्या. ही वर्षं नंतर कामाला येतील.

पाचवी पायरी: पाप

इथे घाई करू नका. चांगलं पाप पाच गोष्टींचं बनतं: टंचाई, बैठक, सोय, बळी आणि लाभ.

टंचाई पहिल्या पायरीतल्या दुबळ्या दुव्यातून येते. खारंबच्या स्थापनेनंतर 63 व्या वर्षी भूकंपानंतर झऱ्याचा प्रवाह पावपट झाला. 150 टनांऐवजी 37 टनच मीठ निघू लागलं. राजाच्या सनदेत अट होती की ज्या वर्षी पुरवठा तुटेल त्या वर्षी मक्तेदारी जाईल.

बैठक म्हणजे नेमका क्षण, नेमक्या खोलीत, नेमक्या माणसांनी घेतलेला निर्णय. सात सभासद, पाच बाजूने, दोन विरोधात. ठराव असा की एका हंगामापुरतं तीन भाग समुद्री मीठ आणि एक भाग निळं मीठ मिसळून विकायचं. ‘एका हंगामापुरतं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माणसं मोठं पाप एकदम करत नाहीत, मुदत घालून करतात. त्या पाचांना खरोखर वाटत होतं की झरा पावसाळ्यानंतर परतेल. प्रत्येकाला वाचकाला पटेल असं एक कारण द्या: एकाच्या घरी लेकीचं लग्न, दुसऱ्याच्या हाताखाली दोनशे मजूर.

तीन महिन्यांनी खालच्या मुलखातली अकरा गावं संपली.

बळींना नावं, घरं आणि कामं द्या. ‘शेकडो मेले’ हे वाचक दोन ओळींत विसरतो. अकरापैकी एक गाव तरी पूर्ण लिहा: किती चुली, विहिरीजवळचं झाड कुठलं, त्या वर्षी कुणाचं मयत झालं होतं आणि मिठासाठी कर्ज कुणाकडून काढलं होतं. लेखनाचा जितका वेळ राजवाड्याला देता, तितका या गावाला द्या.

मग दोष कुणावर तरी ढकलावा लागतो. नगरसभेने जाहीर केलं की गाडीवानांनी वाटेत भेसळ केली आणि नऊ गाडीवानांना फाशी दिली. इतिहासात याच घडणीचे प्रसंग आहेत. 1666 मध्ये लंडन जळालं तेव्हा रॉबर्ट ह्यूबर्ट नावाच्या फ्रेंच माणसाने आग लावल्याची कबुली दिली आणि त्याला फाशी झाली. आग लागल्यानंतर दोन दिवसांनी तो लंडनला पोहोचला होता, हे पुढे उघड झालं. आगीच्या स्मारकावर 1681 मध्ये कॅथलिकांना दोष देणारी ओळ कोरली गेली आणि ती कायमची पुसायला 1830 उजाडलं.

लाभ ही पाचवी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. 14 फेब्रुवारी 1349 रोजी आजच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये विहिरींत विष कालवून प्लेग पसरवल्याच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना जाळलं गेलं. प्लेग तेव्हा त्या शहरात पोहोचलाही नव्हता. मात्र ज्यूंकडून घेतलेली कर्जं रद्द झाली आणि त्यांचा पैसा वाटून घेतला गेला. खारंबमध्येही तेच: गाडीवान दोषी ठरताच त्यांचं नगरसभेवरचं कर्ज बुडीत झालं. तिसऱ्या पायरीतला भागाकार इथे पापाचं कारण बनून परत आला.

फसतं कुठे? दोष राक्षसावर गेला की माणसं सुटतात. सगळं शहर एकसारखं दुष्ट दाखवलं की कुणालाच निवड करावी लागत नाही. आणि विरोधात मत देणारे दोघे विसरले गेले की पुढे सत्य सांगणारा कुणी उरत नाही. सर्वांत वाईट चूक म्हणजे पाप इतकं जुनं करणं की त्याचा कुणाला तोटा नाही आणि फायदाही नाही. लाभ आजही चालू हवा: तीच सनद, तेच वाडे, तेच शिक्के.

सहावी पायरी: किती वर्षं लोटली?

तीस वर्षांच्या आत साक्षीदार जिवंत असतात, रहस्य टिकवायला धाक लागतो. सत्तर-ऐंशी वर्षांनी तेव्हाची लहान मुलं म्हातारी झालेली असतात, आठवण तुकड्यातुकड्यांची असते. दीडशेच्या पुढे फक्त कागद, चालीरीती आणि जमीन बोलते. कथेसाठी मधला टप्पा सर्वांत कसदार. खारंबचा ‘आज’ 135 व्या वर्षी ठेवला तर घटनेला 72 वर्षं झाली. ऐंशीची म्हातारी तेव्हा आठ वर्षांची होती. फाशीची गर्दी तिला आठवते, कारण आठवत नाही.

सातवी पायरी: खुणा पेरा

एकाच घटनेच्या चार हकिकती लिहा, प्रत्येकी पाच-सहा ओळींच्या: सरकारी, बाजारात सांगितली जाणारी, दोषी घराण्यांत कुजबुजली जाणारी आणि बळी गेलेल्यांच्या वंशजांची. चारही थोड्या खऱ्या, थोड्या चुकीच्या. खरी हकिकत पाचवी. ती फक्त तुमच्या वहीत.

खुणा निरनिराळ्या जातीच्या हव्यात, कारण सगळेच पुरावे कागदी असले की एका आगीत संपतात. जागा: खालच्या मुलखात अकरा ओसाड गावठाणं, सगळी एकाच वर्षी सुटलेली. चाल: गाडीवान खारंबमध्ये रात्रीचा मुक्काम करत नाहीत, का ते तरुणांना माहीत नाही. कायदा: शहराचं मीठ वेशीबाहेर तोलायला बंदी, ठरावाचं साल 64. बांधकाम: टंचाईच्या वर्षी उभे राहिलेले तीन वाडे.

कागदातली खूण हिशेबातून काढा, ती सर्वांत पक्की असते. शंभरात दहा भाग मीठ असलेलं पाणी आटवलं तर एक टन मिठामागे नऊ टन पाणी उडवावं लागतं; उघड्या कढईत त्याला सुमारे पाच टन सुकं लाकूड जळतं. 150 टन मिठाला 750 टन लाकूड. 63 व्या वर्षीच्या विक्रीच्या वहीत 150 टनच आहेत, पण लाकडाची खरेदी 190 टनांच्या आत. मीठ किती निघालं याच्या वह्या जाळणाऱ्यांना लाकडाची वही जाळायचं सुचलं नाही. शोध घेणाऱ्या पात्राला ही विसंगती बेरजेने सापडते, आकाशवाणीने नाही.

दडवलेल्या जागा रिकाम्या दिसतात, हेही वापरा. अमेरिकेतल्या टल्सा शहरात 1921 मध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती जाळली गेली; स्थानिक वृत्तपत्राच्या जतन केलेल्या अंकातून पहिल्या पानावरची संबंधित बातमी फाडलेली होती. राज्याने चौकशी आयोग 1997 मध्ये नेमला, अहवाल 2001 मध्ये आला. फाटलेला कागदही एक पुरावाच असतो.

खेळ चालवत असाल तर प्रत्येक महत्त्वाच्या सत्यासाठी किमान तीन स्वतंत्र खुणा ठेवा. खेळणारे पहिली चुकवतात, दुसरीचा भलताच अर्थ लावतात, तिसरी त्यांना वाट दाखवते. कादंबरीत दोन पुरतात, कारण तिथे पात्राचे डोळे तुमच्या हातात असतात.

शेवटची तपासणी

सगळं झाल्यावर इतिहासातून पाप काढून टाका आणि पाहा. शहर तसंच्या तसं उभं राहत असेल, तर पाप वरून चिकटवलेलं आहे. पाचव्या पायरीवर परत जा. खारंबमधून ते काढलं तर सनद जाते, वाडे जातात, गाडीवानांचं कर्ज फेडावं लागतं, शहर 3,000 वरून सातशे-आठशेवर येतं.

मग सत्य आज उघड झालं तर उद्या सकाळी कोण काय करेल, हे पाच पात्रांसाठी एकेका ओळीत लिहा. बळी गेलेल्यांचा वंशज, सध्याचा सभाप्रमुख, पुरोहित, एक गाडीवान आणि खालच्या गावातली नुकतीच विधवा झालेली बाई, जिने काल कर्ज काढून साडेबारा किलो मीठ नेलं. पाचही ओळी वेगळ्या आल्या पाहिजेत. दोन जणांची ओळ सारखी येत असेल, तर त्यातलं एक पात्र बदला.

एका पानावर फक्त सालं, आकडे आणि नावं उतरवून ते पान लिहिताना शेजारी ठेवा. प्रकरण बाराव्यात म्हातारीचं वय चुकलं तर पकडणारा वाचक नक्की भेटतो.